खळ्यात पडदा लावताय? निव्वळ भयपट आणि हसवणारा भयपट, यातला कुठला निवडाल

चाकरमानी गावी जमले की कोणाच्या तरी डोक्यात हे येतंच: खळ्यात चादर ताणूया, प्रोजेक्टर आणूया आणि भुताचा सिनेमा लावूया. भुताचाच, कारण बाकीचं सगळं मुंबईतही बघता येतं. माडाच्या झावळ्या डोक्यावर सळसळताहेत, विहिरीकडची पाणंद काळोखात आहे आणि मध्यंतरात लघवीला जायचं तर गोठ्यामागून जावं लागतंय, ही सोय कुठल्याच मल्टिप्लेक्समध्ये नाही. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. पुढे मात्र दोन गट पडतात. एकाला निव्वळ भयपट हवा असतो, दुसऱ्याला हसवता हसवता घाबरवणारा. या वादात अडकलेल्यांसाठी दोन्ही बाजू मांडतो. माझा कल एका बाजूला आहे आणि तो लपणार नाही, पण प्रत्येक खळ्याला तो लागू पडेल असं नाही.

दोन्हीकडचा एकेक सिनेमा समोर ठेवला की बोलणं सोपं जातं, आणि सुदैवाने दोन्ही आपल्याच मुलखातले आहेत. एक राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८), दुसरा आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' (२०२४). दोन्ही हिंदी, दोन्हींचे दिग्दर्शक मराठी. तुंबाड हे रत्नागिरीच्या खेड तालुक्यातलं, जगबुडी नदीकाठचं खरंखुरं गाव, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे मराठी वाचकाच्या आधीच ओळखीचं. सिनेमाची प्रेरणा मात्र नारायण धारपांच्या कथेची आणि त्यातला वाडा घाटावरचा, सासवडचा. त्यामुळे खेडचा माणूस बघायला बसला की पहिली दहा मिनिटं 'ह्यां आपला तुंबाड न्हय' हेच चालू असतं. 'मुंज्या'ची सुरुवात १९५२च्या कोकणात होते आणि मग गोष्ट पुण्याला जाते.

आता दोघांची भीती कशी चालते ते बघा.

'तुंबाड'मध्ये शापित म्हातारी घरात साखळीने बांधलेली आहे. तिला जेवू घालायचं ते झोपेत, कारण ती जागी झाली तर खाणाऱ्यालाच खाईल. जागी झालीच तर एकच उपाय: सिनेमातल्या शापित, हावऱ्या देवाचं, हस्तरचं नाव घ्यायचं, ती पुन्हा झोपते. एका रात्री आई घरात नाही आणि हे काम लहान विनायकवर येतं. ते नाव त्याला वेळेवर घेता येत नाही. एवढंच. तिथे कोणी विनोद करत नाही, पार्श्वसंगीत तुम्हाला सोडवायला येत नाही. 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' हे आपल्या आज्या शतकानुशतकं सांगत आल्या. इथे पोराने आजीला झोपवायचंय, आणि तेही त्याच धमकीने. घरातलं सगळ्यात ऊबदार नातं उलटं फिरवलं की भीतीला वेगळं भूत लागत नाही. निव्वळ भयपटाचं सगळं बळ इथे आहे: तो तुम्हाला एकटं पाडतो. शेजारी चुलतभाऊ बसलाय हे दोन मिनिटं तुम्ही विसरता.

'मुंज्या'ची सुरुवातही अशीच आहे. आपल्याहून मोठ्या मुन्नीशी लग्न करायचंच, असा हट्ट धरून बसलेला गोट्या, मुंजीत उतरवलेले केस, पिंपळाखालची अघोरी पूजा, सख्ख्या बहिणीचा बळी द्यायचा प्रयत्न आणि त्यातच त्याचा मृत्यू. हा भाग विनोदी नाही, आणि माझ्या मते सिनेमातला सगळ्यात चांगला भाग हाच. पुढे तो मुंज्या पुण्यातल्या एका भित्र्या मुलाच्या मानगुटीवर बसतो, 'लगीन' 'लगीन' करत त्याचं डोकं खातो, आणि खळ्यातलं वातावरण बदलतं. लोक एकमेकांकडे बघायला लागतात. पडद्यावरच्या पोराला सल्ले सुरू होतात. मागून एखाद्या काकूंचा आवाज येतो, 'रे मेल्या, मागे बघ!' भय-विनोद गर्दी जमवतो, आणि गर्दीत भीती वाटली तरी ती वाटून घेतली जाते.

यंत्रणा मात्र दोन्हींची एकच आहे. विनोद असो वा दचका, आधी अपेक्षा तयार करायची, मग ताटकळत ठेवायचं, मग फोडायचं. फरक पडतो तो क्रमाने. आधी हसवून लगेच घाबरवलं तर दचका दुप्पट बसतो, कारण हसताना अंग सैल पडलेलं असतं. आधी घाबरवून लगेच हसवलं तर झालेली भीतीही वाया जाते. चांगले भय-विनोदी सिनेमे पहिला क्रम जपून वापरतात. टुकार सिनेमे प्रत्येक दचक्यानंतर कोणाला तरी पँट ओली करायला लावतात. ट्रेलर बघून निवड करणार असाल तर एवढी एकच गोष्ट तपासा.

दुसरी कसोटी याहून महत्त्वाची: भूत स्वतः गंमत करतंय का? विनोद माणसांनी करायचा, भुताने नाही. १९४८ साली हॉलिवूडने ॲबट आणि कॉस्टेलो ही विनोदी जोडी फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासमोर उभी केली, तेव्हा ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीने आपलं काम गंभीरपणेच केलं. धांदल उडाली ती त्या दोघांची. आपल्याकडे महेश कोठारे यांनी 'झपाटलेला'त (१९९३) हेच सूत्र पाळलं. लक्ष्मीकांत बेर्डे घाबरतात, अडखळतात, धावतात, पण रामदास पाध्ये यांच्या हातातला बाहुला, तात्या विंचू, एका क्षणासाठीही थट्टा करत नाही. त्याला शरीर हवंय, बस्स. 'ओम फट स्वाहा' हे आज लोक गमतीत म्हणतात, पण तो बाहुला ते मनापासून म्हणतो. मुंज्याचंही तसंच. त्याचा हट्ट आपल्याला हास्यास्पद वाटतो, त्याला नाही. उलट, ज्या सिनेमातलं भूत प्रेक्षकाला डोळा मारतं त्यात तासाभरात भीतीही उरत नाही आणि हसूही. ते लावू नका, नाव कितीही मोठं असो.

इथे एक गफलत नेहमी होते. जुने रामसे बंधूंचे सिनेमेही विनोदीच होते की, असं लोक म्हणतात. 'पुराना मंदिर' (१९८४) मध्ये विनोदी नट जगदीप आहेत, विनोदही भरपूर आहे. पण तो विनोद वेगळ्या डब्यात ठेवलेला आहे. भुताच्या गोष्टीशी त्याची गाठ जवळजवळ पडतच नाही, आणि तो भाग काढून टाकला तरी भयकथा जशीच्या तशी राहते. तो भयपटच, मध्ये विरंगुळा असलेला. भय-विनोदात दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. आज रामसेंचा सिनेमा खळ्यात लावला तर लोक हसतील, पण ते मुखवट्याला आणि रंगीत दिव्यांना. भयपट लवकर जुना होतो, हा त्याचा दोष मानायलाच हवा. त्यातही चित्र आणि आवाजावर उभा राहिलेला 'तुंबाड' टिकला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमला.

कोकणी माणसाचा मूळ पिंड कुठला, असं विचाराल तर मी भय-विनोदाकडे बोट दाखवेन. दशावताराच्या सुरुवातीला येणारा संकासुर आठवा. वेद चोरणारा दैत्य, पण रंगमंचावर येऊन सूत्रधाराशी मालवणीत हुज्जत घालतो आणि अख्खी जत्रा हसते; शेवटी विष्णूच्या हातून मरतो. शिमग्यात उत्तरेकडच्या गावांत दारोदार फिरणारा संकासुर वेगळा. काळा वेष, कमरेला घुंगरं. तो दिसायच्या आधी घुंगरं ऐकू येतात, आणि वाडीतली पोरं ओटीवरून थेट माजघरात. पाच मिनिटांनी तीच पोरं त्याला चिडवायला त्याच्या मागे. आरवलीचा वेतोबा म्हणजे भुतांचा राजा वेताळ, पण तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देवचार, गिऱ्हा, मुंज्या, कोकणातल्या या सगळ्या भुतांना इथे हद्द आणि पत्ता आहे. त्यांच्याशी भांडता येतं, गाऱ्हाणं घालता येतं. ज्या भुताशी बोलता येतं त्याच्यावर विनोदही करता येतो. 'तुंबाड'च्या हस्तरशी मात्र काहीच बोलता येत नाही, त्याला फक्त पीठ दाखवून फसवता येतं. म्हणून तो आपल्याला जास्त परका आणि जास्त भयानक वाटतो.

आता जमिनीवर येऊ. निवड पुष्कळदा चादरीवर आणि छपरावर ठरते, आवडीवर नाही.

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. जिथे काळं हवं तिथे तो प्रकाश टाकत नाही, एवढंच. म्हणजे तुमच्या चादरीवरचा काळा रंग चादर अंधारात जितकी काळी दिसते तितकाच. पडवीत ट्यूबलाइट चालू, तुळशीसमोर दिवा, वर कोणाचा तरी मोबाइल, अशा उजेडात 'तुंबाड'चा अर्धा सिनेमा राखाडी धुकं होऊन जातो. तो काळोखात आणि कंदिलाच्या उजेडात घडणारा सिनेमा आहे. भय-विनोदी सिनेमे बहुधा उजळ असतात, ते अशा उजेडात तगतात.

पावसाचं गणित याच्या अगदी उलटं. गणपतीत सिनेमा पत्र्याच्या शेडमध्ये लागणार, आणि पत्र्यावर सर आली की पहिला बळी संवादांचा. भय-विनोद संवादांवर जगतो. त्यातून लोक एका विनोदावर हसत असताना पुढचा विनोद निघून जातो. 'तुंबाड'चं तसं नाही. त्यात देवांचा कोप पाऊस होऊन सतत कोसळत असतो. बाहेरची सर त्यात मिसळून जाते. शेड पूर्ण काळोखी करता येत असेल तर भर पावसात भयपटच लावा. मे महिन्यात उघड्या खळ्यात, चांदण्यात आणि आजूबाजूच्या उजेडात भय-विनोद.

माणसांचा विचार करताना पोरांबद्दलचा एक गैरसमज आधी काढून टाकतो. विनोदी आहे म्हणजे मुलांना चालेल, हे खरं नाही. मोठे हसताहेत म्हणून सहा वर्षांच्या मुलाची भीती कमी होत नाही. त्याला विनोद कळत नाही, बाहुला कळतो. तात्या विंचूने नव्वदच्या दशकातल्या कितीतरी पोरांची झोप उडवली, आणि ती पोरं आज चाळिशीत आहेत. 'तुंबाड'चा तर प्रश्नच नाही, त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आहे. लहान मुलं झोपल्यावरच तो लावायचा.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. त्यांना भुताची भीती क्वचितच असते, आक्षेप असतो तो 'गणपती घरात असताना ह्यां कसला बघतंस' हा. त्यावर वाद घालू नका. भजन संपून उसळ-चहा झाल्यावर, गणपतीच्या माटवीपासून लांब, दुसऱ्या कोणाच्या तरी खळ्यात लावा. भय-विनोद असेल तर तेच आजोबा खुर्ची ओढून बसतात आणि मुंज्या कुठल्या पिंपळावर होता, त्यांच्या वेळी कोण कसा झपाटला होता, हे मध्येच सांगायला लागतात. सिनेमा पंधरा मिनिटं थांबवावा लागला तरी थांबवा. निव्वळ भयपटात असं थांबणं परवडत नाही. ताण तुटला की तो पुन्हा बांधता येत नाही. 'तुंबाड' पावणेदोन तासांचा आहे, एका बैठकीत बघायचा. वीज जाणार याची खात्रीच असेल तर 'मुंज्या'. तिथे खंड पडला तरी फार बिघडत नाही.

मराठीतच हवा असेल तर भयपटांत विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' बघा, पूजा सावंत मुख्य भूमिकेत. उसाच्या फडात घडतो, भुतापेक्षा माणसं जास्त भिववतात, विषय स्त्रीभ्रूणहत्येचा. जमलेल्यांत कोणी गरोदर असेल तर मात्र तो नको. त्याची सगळी भीती तिथेच बोट ठेवते. दुसऱ्या बाजूला 'झपाटलेला' आहेच. सरपोतदारांचाच 'झोंबिवली' (२०२२) डोंबिवलीतल्या झोंबींचा. रोज लोकलने जाणाऱ्या चाकरमान्यांना तो गावात बसून बघायला फार आवडतो, पण गावच्या मंडळींना त्यातली निम्मी गंमत पोचत नाही.

तर माझा कौल असा: वीस-पंचवीस माणसं, तीन पिढ्या, उघडं खळं असेल तर भय-विनोद, आणि त्यात 'झपाटलेला' पहिला, 'मुंज्या' दुसरा. कारण तात्या विंचूचं भय शेवटपर्यंत टिकतं. मुंज्याचं पुण्याला गेल्यावर पातळ होतं. चार-पाच जण, सगळे मोठे, काळोखी खोली आणि बरा स्पीकर असेल तर 'तुंबाड', दुसरा विचारही करू नका. दोन्ही एकाच रात्री लावायचे असतील तर आधी पोरांसोबत हसवणारा, मग पोरं झोपल्यावर भयपट. आणि कुठलाही लावलात तरी आदल्या रात्री, ज्या जागी लावणार त्याच जागी, सिनेमातला सगळ्यात काळोखा प्रसंग दोन मिनिटं लावून बघा. चेहरे दिसले नाहीत तर पडवीचा दिवा कोण बंद करणार हे तेव्हाच ठरवून टाका.