बोटीवर पाहुणा ठेवायचाय? आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी आम्ही नवराबायकोनं अकरा मीटरची एक जुनी बोट घेतली आणि तिच्यावरच राहायला लागलो. सातव्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. मग शहर बघायला म्हणून मावशी आली, नऊ दिवस राहिली, आणि आपली बोट आपल्याला किती कमी माहीत आहे ते कळलं.

बोट विकणारे सांगतात की हिच्यात सहा माणसं झोपतात. झोपतात, खोटं नाही. उठल्यावर त्या सहा जणांनी काय करायचं ते कुणी सांगत नाही. आमच्याकडे जेवायचं टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या टाकल्या की पाहुण्याचा पलंग तयार होतो. पण बसायची जागाही तीच, आणि बाथरूमकडे जायची वाटही तिच्याच पायथ्याशी. मावशी पहाटे पाचला उठणारी. दोन दिवस ती अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन आमच्या उठण्याची वाट बघत बसली. तिसऱ्या दिवशी आम्ही आमची केबिन तिला दिली आणि टेबलावर आम्ही आलो. वयस्कर पाहुणा असेल तर हे पहिल्याच रात्री करा. दार बंद होणारी खोली बोटीवर एखादीच असते.

आता पाणी. आमची टाकी तीनशे लिटरची. आम्ही दोघं सवयीनं काटकसरी झालोय, सहा दिवस सहज जातात. मावशी आल्यावर तिसऱ्या दिवशी नळानं खरखर सुरू केली. तिची काही चूक नाही. शॉवरमधून मिनिटाला सात लिटर जातात, दहा मिनिटं अंघोळ केली की सत्तर लिटर संपले. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ, हे तिला सांगायची मला लाज वाटत होती. शेवटी बायकोनं सांगितलं. मावशी म्हणाली, "मग पहिल्या दिवशीच सांगायचंस ना! मला वाटलं, खाली नदी आहे तर पाणी असणारच." त्यानंतर तिचं पाणी आमच्यापेक्षा कमी लागायचं.

टॉयलेटची लाज मात्र धरू नका, पाहुणा आल्या आल्या समजावून सांगा. मैल्याची टाकी ऐंशी लिटरची आणि एका फ्लशला दोन लिटर, म्हणजे चाळीस फ्लश. दोघांत चार दिवस चालते, तिघांत अडीच. मग ती उपसून घ्यायला पंप-आउटच्या धक्क्यावर जावंच लागतं, त्या दिवशी राजवाडा बघायचा बेत असला तरी. आणि ओले टिश्यू आत टाकायचे नाहीत. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते विरघळत नाहीत. सकाळी सहाला हातमोजे घालून पाइप उघडल्यावर माणसाला जे ज्ञान होतं त्याचं वर्णन इथे करत नाही.

विजेचं थोडक्यात. धक्क्यावर काठाची वीज जोडलेली असेल तर चिंता नाही. शहराच्या मध्यात बांधलो तेव्हा ती नव्हती. दोन हजार वॉटची किटली बारा व्होल्टच्या बॅटरीतून दीडशेहून जास्त अँपिअर ओढते. त्यात मावशीनं हेअर ड्रायर लावला आणि इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडला. तेव्हापासून पाणी गॅसवर तापतं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बाहेर न जाता बोटीच्या तळाशी साचतो. म्हणून वापर झाला की सिलेंडरचाच कॉक बंद करायचा, हे पाहुण्यालाही दाखवून ठेवा. आणि काही जळताना तयार होणाऱ्या, वास न येणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूचा अलार्म तर हवाच.

लाइफ जॅकेटचं मावशीला वावडं नव्हतं, उलट जास्तच प्रेम. तिनं ते अंघोळीला जाताना बाथरूममध्ये खुंटीला अडकवलं. पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारं ते जॅकेट, ओल लागली की आतली गोळी विरघळते. आतून फट्ट आवाज आला आणि पाठोपाठ मावशीची किंकाळी. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा अर्धं बाथरूम पिवळ्या फुग्यानं भरलेलं. नवीन गोळी आणि नवीन गॅसची नळी बसवावी लागली. जॅकेट कोरड्या जागी टांगा.

एकदाच खरी भीती वाटली ती लॉकमध्ये. पाण्याची पातळी बदलणाऱ्या त्या चौकोनी हौदात आम्ही खाली उतरत होतो. पुढचा दोर मावशीकडे दिला होता. मी मागे वळून पाहिलं तर तिनं तो खुंट्याला छान निरगाठ मारून ठेवलेला, आणि स्वतः कठड्याला टेकून भिंतीवरचं शेवाळ बघत उभी. पाणी उतरतं तशी बोट उतरते, दोर काही उतरत नाही. बोटीचं पुढचं टोक वर लटकायला लागलं, कपाटातल्या कपबशा सरकल्या. मी धावत जाऊन सुरीनं दोर कापला. सुरी जिन्याजवळ अडकवलेली असते म्हणून वेळेवर हाताला लागली. "गाठ सुटू नये म्हणून मारली रे," ती म्हणाली. चूक माझी. दोर हातात देताना 'नीट धर' म्हणालो होतो, 'बांधू नकोस' म्हणालो नव्हतो. पुढच्या लॉकमध्ये खुंट्याला एक वेढा, टोक तिच्या हातात, आणि पाणी उतरेल तसा ती सैल सोडत गेली. माझ्यापेक्षा सफाईनं.

हे सगळं असूनही शहर बघायला बोटीसारखं दुसरं काही नाही. चालण्याच्या वेगानं जायचं, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसालाही सगळं शहर मिळतं. जुन्या गोदामांची तोंडं पाण्याकडे असतात, रस्त्यावरून नुसती पाठ दिसते. पुलांची पोटं, भिंतीतल्या लोखंडी कड्या, लोकांची वाळत घातलेली चादर, हे कुठल्याच सहलीच्या बसमधून दिसत नाही. मावशी कधी आत बसून नकाशा वाचायला लागली की तिला मळमळायचं. कान सांगतात हलतंय, डोळ्यांसमोरचा कागद सांगतो स्थिर आहे. बाहेर येऊन लांबवर बघितलं की पाच मिनिटांत बरं. गंमत म्हणजे म्युझियममध्ये ती बाक शोधत होती: "इथली जमीन हलतेय रे." मध्यावर बांधायला जागा मात्र कमी असतात आणि तिथे राहायच्या दिवसांना मर्यादा असते. पाहुण्याचं तिकीट काढण्याआधी जागेची चौकशी करा.

आणखी एक. कडक सुटकेस आणू नका म्हणावं. मावशीची मोठी बॅग कुठल्याच कप्प्यात मावली नाही, नऊ दिवस ती सुकाणूशेजारी चौथ्या माणसासारखी उभी होती. परवा फोनवर म्हणाली, पुढच्या वेळी पिशवी आणते, ड्रायर आणत नाही, आणि पुढचा दोर माझाच.