बेळगावात टिळकवाडीतलं स्किन स्कॅनचं मशीन: माझं वय ४६ आलं, मग तोंड धुतलं तर ३९

दोन महिने वहिनी मागं लागलेली, चल गे एकदा, टिळकवाडीत मशीन आलंय, तोंड आत घातलं की कातडीचं सगळं सांगतंय. शेवटी गणपती झाल्यावर साखरपुड्याच्या खरेदीला खडेबाजारात गेलेलो तेव्हा तिथनंच रिक्षा केली आणि गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रार आहे आणि थ्रेडिंगला मला परत तिथंच जायचंय.

पुढं कॉस्मेटिकचं काउंटर, मागं पार्लर, एसी चांगला. स्कॅनचे ४९९ रुपये, काही घेतलं तर माफ. इथंच खरं डोक्यात यायला पाहिजे होतं, पण वहिनी आधीच आत शिरलेली.

मशीन म्हंजे पांढरा डबा, हनुवटी टेकवायची, डोळे मिटायचे, मग तीन तऱ्हेच्या उजेडात फोटो निघतात. एक साधा, एक पोलराइज्ड, त्यात चमक मरते आणि लाल चट्टे नीट दिसतात, आणि तिसरा अतिनील. हा तिसरा उजेड काय नवा नाही बरं का, वुड्स लॅम्प १९०३ सालचा, त्वचेचे डॉक्टर वर्षानुवर्षं वापरतात. नवं आहे ते सॉफ्टवेअर, ते तुमचा फोटो त्याच्याकडच्या हजारो चेहऱ्यांशी ताडून नंबर काढतंय. माझ्या नाकावर केशरी ठिपके दिसले तर तिथली पोरगी म्हणाली, मॅडम ही सगळी घाण. घाण कसली, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर जंतू असतात, ते पॉर्फिरिन नावाचा पदार्थ करतात आणि तो त्या उजेडात चमकतो. घासून घासून नाक लाल केलं तरी ते काय कायमचं जाणार नाही.

रिपोर्ट आला. स्किन एज ४६. मी ३८ ची. वहिनी एवढी हसली की बाहेर बसलेल्या बायका आत डोकावल्या.

मग माझ्या लक्षात आलं की मी सकाळी सनस्क्रीन लावून, वर पावडर मारून आलेली, आणि कुणी मला तोंड धुवा म्हणूनच सांगितलं नव्हतं. सनस्क्रीन अतिनील किरण शोषतं, त्यामुळं त्या फोटोत ते काळं दिसतं, आणि मशीनला ते वांग वाटले असणार. मी म्हटलं परत काढा. तोंड धुतलं, वीस मिनिटं बसलो, परत फोटो, ३९. सात वर्षं बेसिनमध्ये वाहून गेली. पोरगी जरा ओशाळली, मग अर्धं कानडी अर्धं मराठीत म्हणाली, निमगा पिगमेंटेशन ऐती (म्हंजे तुम्हाला वांग आहेत), पण कमी होतंय मॅडम, काळजी करू नका. (रिपोर्ट सगळा इंग्रजीत, तिनं सांगितलं नसतं तर आमच्या आईसारखीनं काय वाचायचं.)

आता खरी तक्रार. माझी कातडी कोरडी, वहिनीची तेलकट, दोघींच्या रिपोर्टात जमीन अस्मानाचा फरक, आणि किट मात्र दोघींना एकच. फेसवॉश, व्हिटॅमिन सी सीरम, नाइट क्रीम, सनस्क्रीन, मिळून ४,३५० रुपये. मग एवढा डबा, एवढा उजेड कशाला ओ, दारातच सांगायचं की किट घ्या म्हणून. आणि ते सीरम कुठं ठेवलेलं तर काचेच्या शोकेसमध्ये, पारदर्शक बाटलीत, दुपारचं ऊन थेट त्याच्यावर. रंग चहासारखा झालेला. ह्या जातीची व्हिटॅमिन सी उजेड आणि हवेनं खराब होतीय, पिवळट तपकिरी झाली की घेऊ नये. मी तसं म्हटलं तर पोरगी म्हणते नॅचरल कलर आहे.

एवढ्यात आतनं मालकीणबाई आल्या आणि खरं सांगते, त्यांच्यामुळंच दोन स्टार वाढले. त्यांनी बाटली बघितली आणि गुपचूप आत नेली. मी विचारलं, रेटिनॉल (सुरकुत्यांवरचं व्हिटॅमिन ए) लावू का, सगळीकडं तेच ऐकतेय. त्या म्हणाल्या, कोरडी कातडी आहे, सोलवटेल, त्यापेक्षा बाकुचिओल बघा. हे बाकुचिओल म्हंजे आपल्या बावचीच्या बियांतलं, १९६६ मध्ये वेगळं काढलेलं, आणि आत्ता कुठं फॅशनमध्ये आलंय. २०१९ मध्ये ४४ जणांवर बारा आठवडे तुलना केलेली, सुरकुत्या आणि डाग दोन्हीनं सारखेच कमी झाले, पण रेटिनॉलवाल्यांना सोलवटणं आणि चुरचुरणं जास्त. जण थोडेच आहेत म्हणा, पण काहीतरी धरायला आहे.

घरी आल्यावर आईला सांगितलं तर ती म्हणे, बावची ना, गणपत गल्लीत मिळतीय, वाटून लाव की, हजार रुपये कशाला. आई गं, नको! कच्च्या बावचीत सोरालेन असतं, ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होतीय. कोडावरच्या उपचारात ते वैद्य डॉक्टर मोजून मापून देतात, तोंडाला लेप म्हणून नव्हे. बाटलीतलं जे येतं ते वेगळं काढून शुद्ध केलेलं.

मी शेवटी फक्त सनस्क्रीन घेतलं, ५७५ ला, एसपीएफ ५०, पीए चार प्लस. एसपीएफ म्हंजे भाजणाऱ्या किरणांचं माप, पीए म्हंजे वांग आणि सुरकुत्या आणणाऱ्या किरणांचं, म्हणून दोन्ही बघून घ्या. आणि आपल्याकडं जूनपासनं ढग असतात म्हणून लावायचं बंद करू नका, ती दुसरी किरणं ढगातनं, काचेतनं बिनधास्त येतात.

मशीनला दोन स्टार, मालकीणबाईंना चार, थ्रेडिंगला पाच, ५० रुपयांत आणि अजिबात दुखत नाही. जाणार असाल तर सकाळी जा, तोंड धुऊन, काही न लावता जा, आणि शोकेसमधली बाटली घेऊ नका, आतली मागा.

वहिनी त्या दिवशी घाईत काहीच न लावता आलेली. तिचं वय मशीननं ३३ सांगितलं, ती ४१ ची आहे, आणि तिनं किट घेतलं. तिच्या मते मशीन एकदम करेक्ट आहे.