फ्रँकफर्टहून एका दिवसात: हायडलबर्ग की रुडेसहाइम?

दोन्हीकडे नदी, दोन्हीकडे डोंगर, दोन्हीकडे दगडी फरसबंदीच्या गल्ल्या. त्यामुळे फोटोंत ही गावं सख्खी भावंडं वाटतात. प्रत्यक्षात फरक मोठा आहे. हायडलबर्गमध्ये शहर बघायचं असतं आणि नेकार नदी त्याच्या कडेने वाहते. रुडेसहाइममध्ये मात्र ऱ्हाईन हाच कार्यक्रम आहे. तिथे जाऊन बोटीत बसणार नसाल, तर गाडी पकडूच नका.

म्हणून आधी महिना बघा. रुडेसहाइमच्या बोटी खऱ्या अर्थाने एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. नंतर फेऱ्या अगदी तुरळक होतात, आणि डोंगरावर नेणारा रोपवेही नोव्हेंबरच्या सुरुवातीला थांबतो. मग तो चालतो फक्त नाताळच्या बाजारापुरता. पावसाने ऱ्हाईनला पूर आला, की भर हंगामातही बोटी बंद. हायडलबर्गला असलं काही आड येत नाही. नोव्हेंबर ते मार्च हा प्रश्नच मिटला: हायडलबर्ग. फक्त डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, तेव्हा सकाळी लवकर निघा.

प्रवास दोन्हीकडे साधारण सारखाच. लोकल गाडीने रुडेसहाइम सव्वा तासाच्या आत, हायडलबर्ग सव्वा ते दीड तास. जलद गाडीने हायडलबर्ग तासाभरात येतं, पण त्या आयसी-आयसीई नावाच्या जलद गाड्यांना डॉइचलांड-टिकेट चालत नाही, हे नव्याने आलेल्यांच्या हमखास लक्षात राहत नाही. हे मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं आणि २०२५ मध्ये ५८ युरोंवर गेलं. ते एकाच माणसाचं असतं. पुण्याहून आलेले आईबाबा तुमच्या तिकिटावर बसू शकत नाहीत. सहा वर्षांखालची मुलं तेवढी फुकट.

पाहुणे सोबत असतील तर इथे पारडं रुडेसहाइमकडे झुकतं. ते हेसन राज्यात आहे, त्यामुळे पाच जणांपर्यंतचं, एका दिवसाचं, राज्यभर चालणारं एकच हेसन-तिकीट पुरतं, आणि शनिवार-रविवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत थांबायची अटही नसते. हायडलबर्ग बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, तिथवर हे तिकीट पोचत नाही.

गाडीत फसायच्या जागा

डार्मस्टाट-वाइनहाइममार्गे हायडलबर्गला जाणारी लोकल, आरबी ६८, वाटेत नॉय-एडिंगन/फ्रीडरिशफेल्डला तुटते. तिचा एक भाग मानहाइमला जातो, दुसरा हायडलबर्गला. फ्रँकफर्टला चढतानाच डब्यावरच्या पाटीत गाव वाचा. आतून एका भागातून दुसऱ्या भागात जाता येत नाही.

रुडेसहाइमची गाडी आरबी १०, वीसबाडनवरून. हा मार्ग नदीच्या उजव्या काठाने जातो आणि त्यावर मालगाड्यांची रांग असते. गावात रूळ नदी आणि घरांच्या मधून गेलेत. फाटक पडलं की बोट समोर दिसत असूनही उभं राहावं लागतं, म्हणून धक्क्यावर पंधरा मिनिटं आधी पोचा. रुळांचं काम निघालं की ॲपवर ‘एसईव्ही’ अशी अक्षरं दिसतात, म्हणजे गाडीऐवजी बस. तसं असेल तर माइन्झमार्गे पलीकडच्या बिंगनला जा आणि होडीने नदी ओलांडा. उतरायचं मात्र बिंगन श्टाटला (शहर स्टेशन), बिंगन हाउप्टबानहोफला (मुख्य स्टेशन) नाही. हे मुख्य स्टेशन धक्क्यापासून लांब, नाहे नदीच्या पलीकडे आहे.

हायडलबर्गचा दिवस

बहुतेक लोक बिस्मार्कप्लाट्झ चौकात उतरून दीड किलोमीटरहून लांब हाउप्टश्ट्रासे, म्हणजे मुख्य रस्ता, तुडवतात आणि दमल्यावर किल्ला चढायला घेतात. उलट करा. स्टेशनवरून बसने थेट राटहाउस/बेर्गबान थांब्यावर जा, तिथल्या डोंगर-रेल्वेने आधी किल्ला गाठा. तिचं जाणं-येणं किल्ल्याच्या तिकिटातच असतं. १६८९ आणि १६९३ मध्ये फ्रेंच फौजांनी हा किल्ला उद्ध्वस्त केला आणि १७६४ मध्ये वरून वीज कोसळली. आपण बघतो ते तांबड्या दगडाचे अवशेष. तळघरातलं १७५१ चं लाकडी पिंप सुमारे २ लाख २० हजार लिटरचं आहे, वर चढायला जिना आहे. आतली दालनं फक्त मार्गदर्शकासोबत दिसतात. नाही पाहिली तरी चालेल.

मग उतार पायी, जुना पूल ओलांडा आणि पलीकडच्या डोंगरावरच्या ‘फिलोसोफेनवेग’ (तत्त्वज्ञांची वाट) या रस्त्यावर जा. पुलासमोरून वर जाणारी वळणावळणाची पायवाट भलतीच खडी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तिच्या नादी न लागता नदीकाठच्या नेकारवीझेच्या गवतावर बसावं. उन्हं कलली की समोरचा किल्ला अक्षरशः तापलेल्या विटेसारखा दिसतो, म्हणून हा भाग दुपारी चारनंतरच, डिसेंबरात मात्र अंधाराआधी.

१३८६ मधलं इथलं विद्यापीठ जर्मनीत सर्वांत जुनं. खंडोबा आणि धनगरांच्या परंपरेवर आयुष्य वेचणारे गुंथर सोंथायमर इथल्याच दक्षिण आशिया संस्थेत शिकवत. जेजुरीचा भंडारा उधळला जातो तेव्हा नेकारकाठी कुणीतरी त्याच्या नोंदी करत होतं, एवढं फिरताना आठवलं तरी पुरे.

रुडेसहाइमचा दिवस

द्रोसेलगासे ही १४४ मीटरची प्रसिद्ध गल्ली दहा मिनिटांत आटपा. तिथे रेंगाळण्यासारखं फार नाही. द्राक्षमळ्यांवरून रोपवेच्या दोन-दोन माणसांच्या पाळण्यातून वर निडरवाल्ड स्मारकाला जा. १८८३ चं ते ३८ मीटर उंच स्मारक जरा भपकेबाजच आहे, पण त्याच्या पायथ्यावरून दिसणारा नदीचा बाक दिवसाचे पैसे वसूल करतो. तिथून जंगलातून अर्धा-पाऊण तास चालत खुर्चीच्या रोपवेकडे, त्यातून खाली शेजारच्या असमान्सहाउझेन गावात आणि बोटीने परत. या फेरीचं एकत्र तिकीट मिळतं. शेवटची बोट चुकली तर असमान्सहाउझेनहून आरबी १० ने एकच स्टेशन.

पाहुण्यांना चालवायचं नसेल तर दुसरी रीत: रुडेसहाइमहून प्रवाहाच्या दिशेने बोट, सांक्ट गोआर्सहाउझेनला उतरून आगगाडीने परत. दिशा उलटी करू नका. प्रवाहाविरुद्ध बोट रांगते. उजव्या हाताची जागा धरा, काउब गाव आणि १३२ मीटरचा लोरेलाय कडा त्या बाजूला येतात. सांक्ट गोआर्सहाउझेन हेसनबाहेर आहे, तेव्हा परतीचं तिकीट वेगळं बघा.

खाणं

शाकाहाऱ्यांना हायडलबर्ग सोपं. विद्यार्थ्यांचं गाव, फलाफल कोपऱ्याकोपऱ्यावर. रुडेसहाइमला फ्लामकूखन (पातळ, पिझ्झासारखी भाजलेली पोळी) मागवताना ‘ओने श्पेक’ म्हणा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. तिथली कॉफी म्हणजे कपात साखरेचे तीन खडे, चार सेंटिलिटर ब्रँडी, ती पेटवायची, मग कॉफी आणि वर फेटलेली साय. पेटवली म्हणून दारू सगळी उडून जात नाही. न पिणाऱ्या पाहुण्यांना हे आधीच सांगा.