सातशे रुपयांत २ टीबी: पेनड्राइव्हच्या नावाखाली चाललेली लूट

७९९ रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह, १,४९९ मध्ये १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क. रील्सच्या मधे मधे अशा जाहिराती रोज डोकावतात, आणि सणासुदीच्या सेलमध्ये नावाजलेल्या शॉपिंग ॲपवरही हा माल उजळ माथ्याने विकला जातो. घेणाऱ्याला वाटतं, फार तर स्लो असेल, लवकर बिघडेल, सातशे रुपयांत आणखी काय मिळणार? पण हा स्वस्तातला कमअस्सल माल नव्हे. फसवण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे ही, आणि तिच्यात सातशे रुपये जातात हा नुकसानीचा सगळ्यात छोटा भाग. लग्नाचं शूटिंग, मुलांच्या लहानपणचे फोटो, दुकानाचे हिशेब, घराच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग असं जे परत मिळत नाही, तेच नेमकं यात जातं.

आतली करामत समजून घ्या. पेनड्राइव्हमध्ये दोन मुख्य भाग असतात: डेटा साठवणारी फ्लॅश चिप आणि तिचा कारभार बघणारा कंट्रोलर. कॉम्प्युटर ‘तुझ्यात जागा किती?’ असं विचारतो ते कंट्रोलरला. चिप मोजायला तो स्वतः आत जात नाही. कारखान्यात कंट्रोलरमध्ये हा आकडा भरायचं सॉफ्टवेअर असतं, आणि तेच वापरून ३२ जीबीच्या चिपवर २ टीबीचा, म्हणजे २,००० जीबीचा, आकडा चढवला जातो. शंभर पानी वहीवर दहा हजार पानांचं कव्हर घालावं तसं. ड्राइव्हच्या माहितीच्या खिडकीत, म्हणजे प्रॉपर्टीजमध्ये, ऐटीत टीबीचा आकडा दिसतो तो हाच.

आता ३२ जीबी भरल्यावर काय होतं? कंट्रोलर ‘जागा संपली’ म्हणत नाही. काही कंट्रोलर पुढचा डेटा सरळ टाकून देतात आणि कॉम्प्युटरला ‘लिहून झालं’ असं बिनदिक्कत कळवतात. काही परत सुरुवातीला येऊन आधीच्या डेटावरच नवा डेटा लिहितात. दुसऱ्या प्रकारात फाइल्सची यादी ठेवणारा सुरुवातीचा भागच पुसला जातो, आणि पुढच्या वेळी लावल्यावर ‘ड्राइव्ह फॉरमॅट करा’ असा मेसेज येतो. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण चोरी लवकर उघडी पडते. पहिला प्रकार खरा घातकी. त्यात यादी शाबूत राहते: फाइलचं नाव बरोबर, साइज बरोबर, तारीख बरोबर, आणि आत निव्वळ शून्य. ३२ जीबीच्या हद्दीवर सापडलेला फोटो उघडला तर वरच्या पट्टीत मांडव आणि तोरण व्यवस्थित दिसतं आणि त्याखाली सगळा करडा ठोकळा. त्याच्यापुढचे फोटो उघडतच नाहीत.

म्हणूनच पहिले काही आठवडे कुणालाच संशय येत नाही. पाच-दहा जीबी टाकून सगळं छान चालतं. ग्राहक पाच स्टार देऊन मोकळा होतो, रिटर्नची मुदत उलटते, आणि मग कधीतरी तीस-चाळीस जीबीच्या पुढे गाडी गेल्यावर बोंब सुरू होते. हीच करामत मेमरी कार्डांतही चालते; सीसीटीव्हीच्या कार्डात तर याहून वाईट. कॅमेरा दिवसरात्र लिहीत असतो, ॲपमध्ये कार्ड ‘नॉर्मल’ दिसतं, आणि चोरी झाल्यावर त्या रात्रीचं रेकॉर्डिंग काढायला जावं तर क्लिप उघडत नाही.

खात्री करण्याचे जे उपाय लोक सांगतात, त्यातले बहुतेक कुचकामी आहेत. प्रॉपर्टीजचा आकडा म्हणजे चोराचीच साक्ष. क्विक फॉरमॅट फक्त सुरुवातीची यादी नव्याने लिहितं, त्यामुळे ते यशस्वी होणारच. विंडोजचं चेकडिस्क बघतं की यादी धड आहे का आणि सेक्टर वाचता येतात का. आत तुमचाच डेटा आहे का हे त्याला ठाऊक नसतं. मोठा सिनेमा कॉपी करून लगेच लावून बघणं हाही पुरावा नाही. कॉपी केलेला डेटा कॉम्प्युटरच्या स्वतःच्या रॅममध्ये काही काळ राहतो आणि तिथूनच सिनेमा चालतो.

खरी परीक्षा एकच: रिकामा ड्राइव्ह ओळखता येईल अशा डेटाने भरायचा, काढून पुन्हा लावायचा आणि सगळं परत वाचून ताडून बघायचं. यासाठी फुकट सॉफ्टवेअर आहेत. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू. जुनं आहे, दिसायला ओबडधोबड आहे, पण काम चोख. टार्गेट म्हणून ड्राइव्ह निवडा, ‘ऑल अव्हेलेबल स्पेस’ ठेवा आणि ‘राइट प्लस व्हेरिफाय’ दाबा. माल अस्सल असेल तर शेवटी ‘टेस्ट फिनिश्ड विदाउट एरर्स’ येतं. खोटा असेल तर किती जीबी ठीक आणि किती ‘डेटा लॉस्ट’ हे आकड्यांत लिहून येतं. लिनक्स आणि मॅकवर एफ३ नावाचं साधन आहे. आधी एफ३राइट चालवायचं, ड्राइव्ह काढून पुन्हा लावायचा, मग एफ३रीड. विंडोजवर घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह आहे. ते ड्राइव्हभर सारख्या अंतरावरच्या ५७६ जागी लिहून-वाचून बघतं, त्यामुळे निकाल बराच लवकर मिळतो. कुठलंही वापरा, पण आत कामाचा डेटा नसताना.

इथे एक मेख आहे, आणि विकणाऱ्याला ती चांगली ठाऊक असते. असले ड्राइव्ह मुळात मंद. सेकंदाला १५ एमबीच्या वेगाने २ टीबी भरायला नुसतं लिहायलाच ३७ तास लागतात, वाचून ताडायचा वेळ वेगळा. इतका धीर कुणाकडे असतो? पण पूर्ण भरायची गरजही नाही. एच२टेस्टडब्ल्यूमध्ये ‘ओन्ली’ हा पर्याय निवडून एक लाख एमबी, म्हणजे साधारण १०० जीबी, एवढाच आकडा द्या. त्याच वेगाने दोन तासांच्या आत लिहून होईल. आतली चिप बहुधा ८ ते ६४ जीबीची असते, त्यामुळे चोरी तेवढ्यातच पकडली जाते. उलट मात्र खरं नाही: १०० जीबी पास झालं म्हणून २ टीबी खरे ठरत नाहीत. महागडा ड्राइव्ह घेतला असेल तर एक-दोन दिवस लॅपटॉप चालू ठेवून पूर्ण टेस्टच करा, आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत करा.

पोर्टेबल एसएसडी म्हणून येणाऱ्या डब्यांचा प्रकार तर उघडून बघण्यासारखा. पातळ ॲल्युमिनियमचं कव्हर. आत अंगठ्याएवढा बोर्ड, त्यावर कार्ड रीडरची चिप आणि गरम गोंदाने चिकटवलेलं एखादं मायक्रोएसडी कार्ड. बाकी सगळी पोकळी. वजन जाणवावं म्हणून काही डब्यांत लोखंडाचा तुकडाही टाकलेला असतो. डबा न उघडता ओळखायचं असेल तर यूएसबीच्या तोंडाकडे बघा. यूएसबी ३ च्या चौकोनी प्लगमध्ये पुढच्या चार पट्ट्यांशिवाय मागे आणखी पाच संपर्क असतात, एकूण नऊ. खोट्या मालात यूएसबी ३ ची खूण म्हणून प्लास्टिक निळं असतं, पण मागचे पाच बहुधा गायब. टाइप-सी असेल तर ही खूण चालत नाही. मग वेग मोजा. साटा या जुन्या, मंद प्रकारची साधी एसएसडीसुद्धा यूएसबी ३ वर सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास जाते. यूएसबी २ ची मजल तीस-पस्तीस एमबीपर्यंतच. ‘एसएसडी’ जर वीसच्या वेगाने रखडत असेल तर ती एसएसडी नव्हे, विषय संपला.

उलट बाजूची एक गफलतही दूर करतो, कारण तिच्यापायी लोक चांगल्या दुकानदाराशी भांडतात. १ टीबीचा अस्सल ड्राइव्ह विंडोजवर ९३१ जीबी दिसतो, २ टीबीचा १.८१ टीबी, ६४ जीबीचा साठच्या किंचित आत. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, त्याचा हा फरक. यात फसवणूक नाही. गंमत अशी की ‘२ टीबी’वर विंडोजने १.८१ पेक्षा चांगलाच मोठा आकडा दाखवला, तर तोच संशयास्पद. मॅक मात्र हजाराच्या पटीतच मोजतो, तिथे २ दिसणं बरोबर. आणि मायक्रोएसडीवर ‘एक्ससी’चं चिन्ह छापून पुढे ४ किंवा ८ टीबी लिहिलं असेल तर टेस्टचीही गरज नाही. एसडीएक्ससी या मानकाची मर्यादाच २ टीबी आहे.

रिव्ह्यूंवर विसंबू नका हे सगळेच सांगतात, त्याचं कारण मात्र कुणी सांगत नाही. एक म्हणजे वर सांगितलेला आरंभीचा मधुचंद्र. दुसरं, जुन्या लिस्टिंगचा पुनर्वापर: मोबाइल कव्हरला मिळालेले हजारो स्टार तसेच ठेवून त्याच पानावर ड्राइव्ह चढवतात. त्यामुळे रिव्ह्यू नवीन ते जुने असे लावून वाचा. खाली कव्हरच्या रंगाचं कौतुक दिसलं की पान बंद करा. तिसरे आपले अनबॉक्सिंगवाले. खोकं उघडायचं, लॅपटॉपला लावायचं, प्रॉपर्टीजची खिडकी दाखवून ‘मित्रांनो, पूर्ण २ टीबी!’ असं ओरडायचं आणि खाली लिंक द्यायची. ज्याला १०० जीबी भरून बघायची तोशीस घ्यायची नाही, त्याने स्टोरेजचा रिव्ह्यू करू नये, लिंकचं कमिशन तर नकोच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जाहिरात करणाऱ्याला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, तारीफ करणाऱ्यालाही. ‘मी फक्त शेअर केलं’ ही पळवाट त्यात नाही. ‘फक्त ३ उरले’, ‘ऑफर ९ मिनिटांत बंद’ अशी खोटी घाई लावणं हाही २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला चकवून खरेदी करायला लावणाऱ्या क्लृप्त्या) मार्गदर्शक तत्त्वांतल्या तेरा प्रकारांपैकी एक आहे.

फसलातच तर पैसे परत मागताना काय हातात हवं? पार्सलच्या लेबलपासून सुरू होणारा, मधे न तोडलेला खोकं उघडतानाचा व्हिडिओ. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट, क्षमतेच्या दाव्यासकट, कारण पान नंतर बदललं जातं. टेस्टच्या निकालाचा स्क्रीनशॉट. बिल. बुधवार पेठेत असो की लॅमिंग्टन रोडवर, ‘बिल हवं तर जीएसटी पडेल’ म्हणणाऱ्याकडून स्टोरेज घेऊच नका. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा तपशील असणं बंधनकारक आहे. खोट्या मालावर यातलं बहुधा काहीच नसतं, म्हणून खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो ठेवा. शिवाय २५६ जीबीपेक्षा मोठ्या यूएसबी एसएसडीला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी लागते. वस्तूवर छापलेला आर अक्षरापुढचा नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, नोंदणी कुणाच्या नावे आहे ते दिसतं.

‘धिस आयटम इज नॉन-रिटर्नेबल’ असं लिहिलेलं दिसलं की लोक हात टेकतात. टेकू नका. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे वस्तू सदोष किंवा बनावट असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घेणं नाकारता येत नाही. तक्रारीत हेच शब्द वापरा. ‘ड्राइव्ह चालत नाही’ असं लिहिलंत की ‘बदलून देतो’ म्हणून तसाच दुसरा डबा येतो. ‘क्षमता खोटी, वस्तू बनावट, बदली नको, पूर्ण परतावा हवा’ असं लिहा. प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही लावला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. हेल्पलाइन शिक्षा करत नाही, मध्यस्थी करते, पण मोठे प्लॅटफॉर्म तिला दाद देतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, वकील सक्तीचा नाही. सातशे रुपयांसाठी तिथवर किती जण जातील हा प्रश्नच आहे, आणि विकणाऱ्यांचा सगळा धंदा त्या उत्तरावर उभा आहे. रील्समधल्या निनावी साइटवरून कॅश ऑन डिलिव्हरीने घेतलं असेल तर मागे लागायला कुणी सापडतच नाही. तिथे १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर नोंद करा, पण परताव्याची आशा धरू नका.

आता दुसरी लूट. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून शोधू नका. वर येणारे काही नंबर भामट्यांचेच असतात. ते रिफंडच्या नावाखाली स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात किंवा यूपीआयचा पिन मागतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. नंबर ॲपमधल्या ऑर्डरच्या पानावरूनच घ्या.

गेलेला डेटा काढून देतो म्हणणाऱ्यांच्या दारातही जाऊ नका. रिकव्हरी होते ती कधीतरी लिहिलेल्या आणि नंतर पुसलेल्या डेटाची. इथे हद्दीपलीकडचा डेटा चिपवर पोचलाच नव्हता, किंवा त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलंय. हजारो रुपये मोजूनही नावं शाबूत आणि आत शून्य अशाच फाइल्स हाती येतात. ड्राइव्ह खोटा असल्याचं कळताक्षणी त्यावर लिहिणं थांबवा, उघडतंय तेवढं दुसरीकडे कॉपी करा, आणि फोटो मोबाइलमधून किंवा कॅमेऱ्याच्या मूळ कार्डावरून अजून पुसलेले नसतील तर ते तिथेच राहू द्या. एफ३मध्ये खोट्या ड्राइव्हला त्याच्या खऱ्या ३२ जीबीपुरतं पार्टिशन करून द्यायची सोय आहे, पण तक्रार चालू असेतोवर ते करू नका, पुरावा जातो. नंतर केलंत तरी गाडीत गाणी वाजवण्यापलीकडे त्यावर काही ठेवू नका; अशा मालात बहुधा प्रतवारीत नाकारलेल्या चिप वापरतात.