पुरळ उठलंय: सकाळपर्यंत थांबावं की आत्ताच निघावं?

‘लेकीच्या अंगावर लाल ठिपके आलेत, सकाळपर्यंत थांबू का?’ मैत्रिणीनं रात्री विचारलं.

आधी काचेचा पेला ठिपक्यांवर दाब आणि काचेतून बघ. फिके पडले, मानेवर-काखेत खाज आहे, ताप नाही, तर बहुधा घामोळं. सैल सुती कपडे पुरेत.

दाबूनही तसेच राहिले, तर ते कातडीखाली झिरपलेलं रक्त. सावळ्या अंगावर चटकन दिसत नाही. तळवे, तोंडातली टाळू, पापणीची आतली बाजू बघ. हिरड्यांतून रक्त, कुठं न आपटता काळेनिळे डाग? असं डेंग्यूतही होतं, आणि त्यात तर ताप उतरतानाच धोका वाढतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन ही तापाची औषधं अजिबात देऊ नकोस.

फिकं पडणारं पुरळ, हसतंखेळतं मूल: सकाळची ओपीडी चालेल. दाबूनही फिके न पडणारे ठिपके, किंवा पुरळ कसंही असो पण मूल तापानं मलूल: रात्रीच हॉस्पिटल.