ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये रोटरी इंजिन

मामांनी इंग्लंडहून परतताना सोबत आणलेली २००४ सालची माझदा आरएक्स-८ आता हिंगणघाटजवळच्या आमच्या गावी, वाड्याच्या अंगणात उभी असते. डिसेंबरातल्या एका सकाळी कापसाचा ट्रॅक्टर आत घ्यायचा होता, म्हणून धाकट्या भावाने ती चालू केली, दहा फूट मागे सरकवली आणि लगेच बंद केली. दुसऱ्या कोणत्याही गाडीला याचे काही वाटले नसते. या गाडीचा मात्र दुसऱ्या दिवशी स्टार्टर नुसताच फिरत राहिला, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येऊ लागला आणि थोड्याच वेळात बॅटरीही बसली.

या रोटरी इंजिनात पिस्टन नसतो. मधोमध किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, भिंतीला घासत कंप्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, धरून ठेवतात. असे दोन रोटर मिळून हे १३०८ सीसीचे इंजिन होते. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त मिळते आणि ते तापण्याआधीच बंद केले, तर न जळलेले पेट्रोल आतच राहून भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन काढते. त्यामुळे सील कोरडे पडून कंप्रेशन सुटते, ठिणगी देणारे प्लग ओले होतात आणि स्टार्टर जितका मारावा तितके पेट्रोल आणखी आत जाते.

नागपुरातील एका महागड्या गॅरेजने गाडी न पाहताच, फोनवरूनच, इंजिन उघडावे लागेल असे सांगून टाकले. म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी वडनेरच्या वाटेवरील एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथे ट्रॅक्टर आणि शेतीपंपाची डिझेल इंजिने दुरुस्त होतात. हौशी गाडीवाल्यांची रांग नको, म्हणून नाव लिहू नका, असे मालकांनी बजावले असल्याने ते देत नाही. रोटरी इंजिन आपण कधी पाहिलेले नाही, हे त्यांनी आधीच कबूल केले आणि मग पाऊण तास मला प्रश्न विचारले. सगळे ऐकून ते म्हणाले, "इंजिन मेलं नाही भाऊ, त्याचा दम गेला." कंप्रेशन न धरणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनात थोडे तेल सोडून ते उठवायचे, हे त्यांच्या हाताखालचे नेहमीचे काम. रोटरीलाही नेमके तेच लागते, हे मला वाचून ठाऊक होते आणि त्यांना अनुभवावरून कळले.

पुढचे डावे चाक काढल्यावर चारही प्लग हाताशी आले. फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलची जोडणी काढून, ट्रॅक्टरची बॅटरी लावून त्यांनी इंजिन फिरवले, तेव्हा प्लगच्या भोकांतून पेट्रोलचे तुषार उडाले. मग जनावरांना औषध पाजण्याच्या, सुई नसलेल्या सिरिंजने वरच्या भोकांतून थोडे थोडे इंजिन ऑइल सोडले आणि ते सर्वत्र लागावे म्हणून शाफ्ट हातानेच सावकाश फिरवला. उन्हात वाळवलेले प्लग बसवून, फ्यूज आणि कॉइल परत जोडून, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारला. असे दाबून धरले की या गाडीत इंजेक्टर पेट्रोल देणे थांबवतात. प्रत्येक वेळी सुमारे दहा सेकंद, मग स्टार्टरला विसावा. पाचव्या खेपेस इंजिनाने एक उचकी दिली. पाय थोडा वर घेताच ते धडधडून उठले आणि निळसर पांढऱ्या धुराने समोरची चहाची टपरी पाच मिनिटे दिसेनाशी झाली.

दोन तक्रारी मात्र नोंदवल्याच पाहिजेत. पेट्रोल उडत असताना दहा पावलांवर नांगराच्या फाळाचे वेल्डिंग चालू होते आणि मी ओरडल्यावरच ते थांबले. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शिवाय प्लग परत लावताना कामावरच्या पोराने वरच्या आणि खालच्या प्लगच्या वायरींची अदलाबदल केली होती. प्रत्येक रोटरला लीडिंग (खालचा) आणि ट्रेलिंग (वरचा) असे दोन प्लग असतात आणि त्यांच्या ठिणगीची वेळ वेगळी असते. मी वायरींचा फोटो आधीच काढून ठेवला होता, म्हणून ती चूक सुरू करण्यापूर्वी सापडली. तुम्ही गेलात तर तुम्हीही काढा.

चार तासांच्या कामाचे त्यांनी अठराशे रुपये घेतले आणि पावतीवर "गोल इंजिन, एक नग" असे लिहून दिले. त्यानंतर अंगणात ट्रॅक्टर येणार असला की भाऊ किल्लीला हात लावत नाही. शेजारच्या दोघांना हाक मारून गाडी ढकलून घेतो.