एमबीए : प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी या पदवीची पारख

एमबीए करावे की नाही, या प्रश्नाचा विचार बहुतेक इच्छुक संस्थांच्या क्रमवारीपासून सुरू करतात, आणि माझ्या मते सुरुवात तिथेच चुकते. क्रमवारी संस्थांची तुलना करते. पण ही पदवी आपल्याला हवी आहे का, आणि हवी असेल तर कोणत्या स्वरूपात, हे ती सांगू शकत नाही. म्हणून येथे कोणत्याही एका संस्थेचे नव्हे, तर भरपूर पैसा आणि आयुष्यातील एक-दोन उमेदीची वर्षे देऊन घेतलेली सेवा म्हणून या पदवीचेच परीक्षण करीत आहे. मी ही पदवी नोकरी सांभाळून घेतली आहे आणि पूर्णवेळ शिकलेल्या अनेक सहकाऱ्यांबरोबर काम केले आहे. पुढील मते त्या अनुभवातून आली आहेत.

या पदवीच्या नावाखाली प्रत्यक्षात चार गोष्टी एकत्र मिळतात : विषयांचे ज्ञान, निवडक संस्थेत प्रवेश मिळाल्याचा शिक्का, वर्गमित्र आणि माजी विद्यार्थ्यांचा परिचय, आणि एरवी आपल्या अर्जाकडे पाहणारही नाहीत अशा कंपन्यांच्या भरतीप्रक्रियेत थेट प्रवेश. शुल्क चारहींचे मिळून आकारले जाते. मात्र आपली गरज क्वचितच चारहींची असते. यांपैकी नेमके काय हवे आहे, हे ज्याला एका वाक्यात लिहिता येत नाही, त्याने अर्ज भरण्याची घाई करू नये असे मला मनापासून वाटते.

ज्ञानाचा भाग आधी पाहू. लेखांकन, वित्त, संख्याशास्त्र, विपणन, उत्पादन व पुरवठा व्यवस्थापन, संघटनेतील मानवी वर्तन आणि व्यूहरचना हा पायाभूत अभ्यास जगभरच्या संस्थांमध्ये जवळपास सारखाच असतो. अभियंता, डॉक्टर, वास्तुविशारद किंवा लष्करी अधिकारी यांच्यासाठी तो खरोखर नवा असतो, आणि ताळेबंद वाचता येऊ लागल्यावर आपल्याच संस्थेतले निर्णय वेगळे दिसू लागतात. ज्यांनी पदवीला हेच विषय घेतले आहेत त्यांना मात्र पहिल्या वर्षाचा मोठा भाग उजळणीसारखा वाटतो. ही सामग्री पुस्तकांतून आणि ऑनलाइन पाठांतूनही मिळते, त्यामुळे केवळ ज्ञानासाठी एवढा खर्च करणे मला पटत नाही. याला एक अपवाद आहे, तो म्हणजे केस पद्धतीचा वर्ग. हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९०८ मध्ये एमबीए ही पदवी सुरू केली आणि १९२०च्या दशकात एखाद्या कंपनीसमोरचा खरा पेच वर्गात मांडून विद्यार्थ्यांनाच निर्णय घ्यायला लावण्याची ही पद्धत तेथे रुजली. अपुऱ्या माहितीवर भूमिका घेणे, ती दहा बाजूंनी तपासली जात असताना सांभाळणे आणि समोरच्याचा मुद्दा पटला तर सर्वांदेखत बदलणे, ही सवय एकट्याने वाचून लागत नाही. ती लागण्यासाठी वर्गात अनुभवी माणसे असावी लागतात. नुकतेच पदवीधर झालेल्यांनी भरलेल्या वर्गात तीच केस केवळ तर्काचा सराव बनते.

पूर्णवेळ पदवीचा खरा गाभा मात्र भरती हाच आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधल्या सुटीत इंटर्नशिप असते. व्यवस्थापन सल्लागार कंपन्या आणि गुंतवणूक बँका आपल्या नव्या जागांपैकी मोठा वाटा याच इंटर्नशिपमधून भरतात. याचा एक परिणाम माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेला नसतो : या इंटर्नशिपसाठी कंपन्यांच्या भेटीगाठी पहिल्या सत्रातच सुरू होतात. म्हणजेच पुढे काय करायचे याचा शांतपणे विचार करण्यासाठी म्हणून जो विद्यार्थी येतो, त्याला विचार करायला हाती पडतात अवघे काही आठवडे, आणि मग तो सगळे ज्या रांगेत उभे आहेत त्याच रांगेत जाऊन उभा राहतो. ही माणसे नंतर असमाधानी असलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या हुशारीत काहीही कमी नव्हते. व्यवसाय, उद्योगक्षेत्र किंवा देश बदलायचा आहे आणि काय बदलायचे हे आधीच ठरले आहे, अशांसाठी दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम ही उत्तम सेवा आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची गोष्ट वेगळी आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या इन्सिआद या फ्रान्समधील व्यवस्थापन संस्थेचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आहे, आणि युरोपातील अनेक नामवंत संस्थांनी साधारण वर्षभराचीच मुदत ठेवली आहे. खर्च आणि बुडालेला पगार दोन्ही कमी होतात. पण लांब सुटीतली इंटर्नशिप बहुधा मिळत नाही किंवा फार आखूड होते. त्यामुळे त्याच क्षेत्रात वर चढू पाहणाऱ्याला हा मार्ग शोभतो, तर क्षेत्रच बदलू पाहणाऱ्याला ‘मी हे काम करू शकतो’ हे दाखवण्याची संधी कमी मिळते.

नोकरी न सोडता घेतलेली अर्धवेळ पदवी मी स्वतः अनुभवली आहे आणि तिच्याबद्दल माझे मत चांगले आहे. सायंकाळी शिकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी कार्यालयात लावून पाहता येते, हा तिचा मोठा गुण. मात्र अनेक संस्थांत अर्धवेळ विद्यार्थ्यांना कंपन्यांच्या भरतीप्रक्रियेत पूर्णवेळ विद्यार्थ्यांइतका वाव नसतो, आणि शुल्क मालकाने भरले असेल तर ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट बहुधा असते. या दोन्ही गोष्टी प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्याव्यात. घरच्यांशीही त्याच वेळी बोलावे, कारण सुटीचे दिवस आणि संध्याकाळच्या वेळा त्यांच्याही वाट्यातून जातात. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीचा एक्झिक्युटिव्ह एमबीए हा प्रकार शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये सुरू केला. त्यात भरतीचा भाग नाममात्र असतो; वर्गातली माणसे हेच त्याचे मोल, म्हणून तेथे अभ्यासक्रमापेक्षा आधीच्या तुकडीची यादी बारकाईने पाहावी.

ऑनलाइन पदवीकडे कमी प्रतीची म्हणून पाहण्याची सवय आता सोडायला हवी. इलिनॉय विद्यापीठाच्या गीस कॉलेजने २०१६ मध्ये ऑनलाइन एमबीए सुरू केले आणि २०१९ मध्ये आपला पूर्णवेळ निवासी एमबीए बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ज्ञान आणि पदवी या दोन गोष्टी हव्या असणाऱ्यास हा मार्ग पुरेसा आहे. शिक्का, परिचय आणि भरती यांची अपेक्षा मात्र त्याच्याकडून त्याच प्रमाणात करू नये.

आता खर्चाकडे वळू, कारण सर्वाधिक फसगत येथे होते. समजा, आजचा वार्षिक पगार १०० आहे आणि दोन वर्षांचे शुल्क १५०. राहण्या-जेवणाचा खर्च एरवीही झालाच असता, म्हणून तो बाजूला ठेवू. नोकरीत राहिलो असतो तर पहिल्या वर्षी १०० आणि दुसऱ्या वर्षी ११० मिळाले असते. म्हणजे बुडालेला पगार २१० आणि एकूण खर्च ३६०. पदवीनंतर १६० ची नोकरी मिळाली, तर बहुतेक जण १६० ची तुलना जुन्या १०० शी करतात आणि वर्षाला ६० चा लाभ धरतात. खरी तुलना पदवी न घेता तोवर मिळू लागला असता त्या १२० शी करायला हवी. लाभ वर्षाला ४० चा उरतो, आणि खर्च भरून यायला सहा नव्हे, नऊ वर्षे लागतात. तीही कर्जाचे व्याज आणि वाढीव कर न धरता. हेच गणित एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला लावू : शुल्क १००, बुडालेला पगार १००, पदवीनंतर १५० आणि पदवीविना ११०. येथेही लाभ ४० चाच, पण खर्च पाच वर्षांत फिटतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने स्वतःचे आकडे घालावेत आणि नोकरी अपेक्षेपेक्षा कमी पगाराची मिळाली तर काय, हेही एकदा मांडून पाहावे. शिष्यवृत्ती मिळाली तर चित्र पुष्कळ बदलते. अधिक नावाजलेल्या संस्थेचे पूर्ण शुल्क आणि थोड्या कमी नावाच्या संस्थेची मोठी शिष्यवृत्ती यांत निवड करायची वेळ आली, तर विशिष्ट कंपनीचे दार फक्त पहिलीमुळेच उघडणार असेल तेव्हाच मी पहिली निवडेन.

पगाराचे आकडे येतात ते संस्थेच्या प्लेसमेंट अहवालातून, आणि तो शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचावा. नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी साधारणतः पदवी मिळताना आणि त्यानंतर तीन महिन्यांनी अशी दोनदा देतात. मोठा आकडा कोणत्या तारखेचा आहे हे पाहावे. ही टक्केवारी संपूर्ण तुकडीची नसते, तर नोकरी शोधत असलेल्यांची असते : जुन्या मालकाकडे परतणारे, स्वतःचा उद्योग काढणारे आणि शोध पुढे ढकलणारे छेदातून आधीच वगळलेले असतात. पगार सांगितलेल्यांचेच आकडे पगाराच्या तक्त्यात येतात, म्हणून तो किती जणांनी सांगितला हे शोधावे. सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर नेमका मधला, विश्वासार्ह, कारण दोन-चार असाधारण पगार सरासरीला वर ओढतात, मध्यकाला नाही. आणि सर्वांत उपयुक्त पान बहुधा उद्योगक्षेत्रनिहाय तक्त्याचे असते. आपल्याला हव्या त्या क्षेत्रात त्या तुकडीतले तीनच जण गेले असतील, तर एकूण टक्केवारी कितीही आकर्षक असली तरी आपल्यासाठी ती संस्था योग्य नव्हे. असा सविस्तर अहवाल प्रसिद्धच न करणारी संस्था मी यादीतून काढून टाकेन.

क्रमवारीचा उपयोग यानंतर करावा आणि थोडाच करावा. बिझनेसवीकने १९८८ मध्ये आणि फायनान्शियल टाइम्सने १९९९ मध्ये एमबीएची क्रमवारी सुरू केली. फायनान्शियल टाइम्सची क्रमवारी पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांचा पगार किती आणि तो किती वाढला यांना बरेच वजन देते. साहजिकच जास्त पगाराच्या क्षेत्रांत विद्यार्थी पाठवणारी संस्था वर दिसते, मग आपले क्षेत्र कोणतेही असो. एएसीएसबी, इक्विस आणि अँबा या व्यवस्थापन शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मान्यता किमान दर्जाची खूण म्हणून पाहाव्यात, त्याहून अधिक नाही.

प्रवेश परीक्षांबद्दल माझे मत अनुकूल आहे. नोव्हेंबर २०२३ पासून नव्या रूपात आलेली जीमॅट परीक्षा सव्वादोन तासांची आहे : गणित, भाषा आणि डेटा इनसाइट्स असे ४५ मिनिटांचे तीन विभाग, एकूण ६४ प्रश्न आणि २०५ ते ८०५ अशी गुणपट्टी. निबंध, भूमिती आणि वाक्यदुरुस्ती वगळल्यामुळे पाठांतराचे ओझे कमी झाले. तक्ते, आलेख आणि विखुरलेली माहिती जोडून निष्कर्ष काढण्याला, म्हणजेच डेटा इनसाइट्सला, पूर्ण एक तृतीयांश वजन मिळाले, आणि हे व्यवस्थापकाच्या प्रत्यक्ष कामाच्या जवळचे आहे. प्रत्येक विभागाच्या शेवटी तीनपर्यंत उत्तरे बदलण्याची मुभा आहे, हीही चांगली सुधारणा. सप्टेंबर २०२३ मध्ये जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशांची सर्वसाधारण परीक्षाही दोन तासांच्या आत आणली गेली, आणि परदेशांतील बहुतेक संस्था दोन्हींपैकी कोणतीही परीक्षा स्वीकारतात. अधिकृत सराव चाचण्या दोन्हींच्या देऊन पाहाव्यात आणि जी सोयीची वाटेल ती निवडावी. गुण पाच वर्षे ग्राह्य असतात, म्हणून अभ्यासाची सवय ताजी असताना परीक्षा देऊन पुढचा निर्णय सावकाश घेणे शहाणपणाचे ठरते.

अर्ज लिहून देणाऱ्या सल्लागारांविषयी मात्र मला स्पष्ट इशारा द्यावासा वाटतो. विचारांना दिशा देणारा, प्रश्न विचारून अर्जदाराचा हेतू त्याच्याच तोंडून काढून घेणारा सल्लागार उपयोगी असतो. पण एका सल्लासेवेने अर्जांसाठी लिहून दिलेले तयार निबंध मी वाचले आहेत. नावे झाकली असती तर कोणता कोणाचा हे सांगता आले नसते. अर्जदाराचा स्वतःचा आवाज हरवलेला निबंध मुलाखतीत उघडा पडतो. शिफारसपत्राबाबतही तेच आहे : मोठ्या हुद्द्यावरच्या परिचितापेक्षा रोजचे काम पाहणारा वरिष्ठ नेमकी उदाहरणे देऊ शकतो, आणि ती लिहायला त्याला पुरेसे आठवडे आधी सांगावे लागते.

हे सर्व तपासल्यावर ज्यांना वित्त किंवा माहितीविश्लेषण यांसारखे एकच क्षेत्र खोलवर शिकायचे आहे, त्यांना त्या विषयाची विशेष पदव्युत्तर पदवी अधिक योग्य ठरेल. कामाचा अनुभव नसलेल्यांसाठी व्यवस्थापनातील वेगळी पदव्युत्तर पदवी आहे. शिवाय हार्वर्डसारख्या काही संस्था पदवीच्या शेवटच्या वर्षातच अर्ज घेऊन, किमान दोन वर्षे नोकरी करून येण्याच्या अटीवर प्रवेश राखून ठेवतात. ज्यांची पावले एमबीएकडेच वळत आहेत, त्यांनी अर्जापूर्वी त्या संस्थेच्या तीन-चार माजी विद्यार्थ्यांना गाठावे. ते संस्थेने सुचवलेले नसावेत, आपल्याला हवे असलेले काम आज करीत असावेत आणि त्यांना पदवी मिळून किमान चार-पाच वर्षे झालेली असावीत. संस्था आवडली का, हे विचारण्यापेक्षा आजच्या कामापर्यंत ते नेमके कोणत्या ओळखीने, कोणत्या इंटर्नशिपने किंवा कोणत्या जाहिरातीने पोहोचले, हे विचारावे, आणि त्या उत्तरांत संस्थेचा उल्लेख आपणहून कितीदा येतो ते ऐकावे.